हरणाच्या पाकिटावर काय लिहावं

२०१८च्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. बेसमेंटमध्ये डीप फ्रीझरचं झाकण उघडून मी उभा होतो. हातातल्या पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हरीण, खिमा, १७’. बस्स, एवढंच. अशी एकोणीस पाकिटं होती. वरून जिन्यातून बायको विचारत होती, "सापडलं का?" सापडलं सगळंच होतं. कुठलं पाकीट कुठल्या हरणाचं, तेवढं कळत नव्हतं.

आदल्या वर्षी दोन हरणं मिळाली होती. एक घराजवळ, मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉच्या पश्चिमेला ओळखीच्या माणसाच्या शेतावर. दुसरं उत्तरेला, ओ सेबल नदी जिथे ह्युरॉन सरोवराला मिळते त्या ऑस्कोडा गावाच्या बाजूला, माझ्या शिकारीतल्या जोडीदाराच्या भाच्याच्या रानात. आणि मी फ्रीझर उघडून उभा होतो त्या आठवड्यात मिशिगनच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं, की ऑस्कोडा टाउनशिपमधल्या क्लार्क्स मार्श या दलदलीपासून पाच मैलांच्या आत मारलेलं हरीण खाऊ नका. माझी दोन्ही हरणं कापायला एकाच माणसाकडे दिलेली. त्याने दोन्हींचा खिमा एकत्र केला होता. मीच ‘चालेल’ म्हणालो होतो, चार पैसे वाचत होते.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. एखादा भाग सदोष निघाला, तर तो कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत, कुठल्या लॉटमध्ये बनला हे तासाभरात सांगणं ही माझी रोजची भाकरी. लॉट नंबर सापडला नाही तर चांगला मालसुद्धा भंगारात जातो, हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो. आणि घरी मात्र एकोणीस पाकिटं कचऱ्यात टाकली, कारण त्यांना लॉट नंबर नव्हता. त्यातलं निम्मं मांस तरी खात्रीने चांगलं असणार होतं.

तेव्हापासून मी जे करतो ते इथे लिहितोय. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे घरातलं कुणी मोठं माणूस आपल्याला हे शिकवणार नाही. आणि इथले जुने शिकारी जे शिकवतात ते बंदुकीचं, वाऱ्याचं, माग काढण्याचं. फ्रीझरचं कुणी शिकवत नाही.

आधी नोटीस नीट वाचा

बातमी वाचून माझा जोडीदार भडकला होता. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त सुतार, वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच रानात शिकार करणारा. "वीस हरणं तपासली, एकात सापडलं, आणि पाच मैल बंद?" आकडे त्याचे बरोबर होते. दलदलीजवळची वीस हरणं तपासली होती आणि त्यातल्या एकाच्या मांसात पीएफओएस नावाचं रसायन ५४७ पीपीबी निघालं. पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग. ३००च्या वर गेलं की ‘खाऊ नका’ म्हणायचं, असं खात्याने ठरवलेलं होतं. रसायन आलं जुन्या वर्टस्मिथ हवाई तळावरून. तिथे आग विझवण्याच्या सरावासाठी वर्षानुवर्षं फोम वापरला गेला. तळ १९९३मध्ये बंद झाला, पण फोममधलं पीफास, म्हणजे पीएफओएस ज्यातलं एक ते रसायनांचं कूळ, जमिनीतून, पाण्यातून दलदलीत उतरतच राहिलं. आणि पाच मैल का, तर त्या दलदलीच्या आसपास राहणारं हरीण साधारण तेवढं फिरतं असा अंदाज म्हणून.

म्हणजे ही हद्द अंदाजाची होती, आणि पुढे आणखी हरणं तपासल्यावर ती आक्रसून सुमारे तीन मैलांवर आली. जोडीदार म्हणाला, "बघ, उगाच घाबरवलं." मला ते तसं वाटत नाही. कारखान्यात दोष सापडला की पहिल्या दिवशी आम्ही सगळी गोदामं अडवतो, आणि तपासणी होत जाईल तसतसा एकेक रॅक मोकळा करतो. पहिल्या दिवशी किती अडवायचं हे कुणालाच नेमकं माहीत नसतं. हद्द कमी झाली म्हणजे आधीचा माणूस खोटं बोलला, असं होत नाही.

वाचताना एक चूक मी स्वतः केली ती सांगतो. मिशिगनमध्ये ऑस्कोडा नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे, आणि ऑस्कोडा नावाची टाउनशिपही आहे. पण ही टाउनशिप ऑस्कोडा काउंटीत नाही, ती आयोस्को काउंटीत आहे. मी पहिल्या दिवशी काउंटीचा नकाशा उघडून बसलो होतो आणि ‘आपलं रान तर लांब आहे’ म्हणून निश्चिंत झालो होतो. तेव्हा गावाच्या नावावर विसंबू नका. ज्या बिंदूपासून मैल मोजलेत तो बिंदू शोधा, फोनच्या नकाशावर आपल्या मचाणाची जागा ठेवा आणि अंतर मोजा. मचाणाचं अंतर मोजलं तरी हरीण पडलं कुठे हे वेगळं, तेही लक्षात असू द्या.

मग पदार्थ कुठला, शरीराचा भाग कुठला, प्राणी कुठला, हे बघा. या तीन गोष्टींची गल्लत बहुतेक लोक करतात. ऑस्कोडात सबंध हरीण खाऊ नका म्हटलं. दोन वर्षांनी, २०२०मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मॅरिनेटजवळ, तिथेही आग विझवायच्या फोममुळे, तिथेही पाच मैल, पण सूचना फक्त कलेजीपुरती होती, मांसाला हरकत नव्हती. एकाच रसायनाच्या दोन बातम्या ऐकून माणूस म्हणतो, ‘तिकडे खा म्हणतात, इकडे नको म्हणतात, यांना काही कळत नाही.’ तपासलेल्या हरणांत जे निघालं ते त्यांनी लिहिलं, एवढंच. पक्ष्यांचंही तसंच. युटाने २००५मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या बदकांतल्या पाऱ्याबद्दल सूचना काढली, ती सगळ्या बदकांसाठी नव्हती, काही ठरावीक जातींसाठी होती. ज्याला बदक ओळखता येतं त्यालाच त्या सूचनेचा उपयोग.

आणखी एक. ही सूचना असते, कायदा नव्हे. ‘खाऊ नका’च्या हद्दीत शिकारीला बंदी नसते, आणि तुम्ही खाल्लंत म्हणून कुणी दंड करायला येत नाही. म्हणूनच ती स्वतः वाचायला हवी, रेंजर तुमच्यासाठी वाचणार नाही.

काय काढून टाकलं तर उपयोग होतो

‘चरबी काढून टाकली की झालं’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो काही बाबतींत खरा आहे. पीसीबी, डायॉक्सिन ही विषारी रसायनांची मंडळी चरबीत साठतात, तिथे चरबी काढून, जाळीवर भाजून फरक पडतो. पीफास चरबीत बसत नाही. ते प्रथिनांना चिकटतं, रक्तात राहतं, कलेजीत आणि गुर्द्यांत सर्वांत जास्त साठतं. त्यामुळे चरबी कितीही खरवडली तरी पीफास जिथल्या तिथे. शिजवूनही जात नाही. कॅडमियम हा धातूही कलेजी-गुर्द्यांतच जमतो. मेन राज्यात हरणाची आणि मूस या थोराड हरणाची कलेजी-गुर्दे खाऊ नका असं सांगितलं जातं, ते कॅडमियममुळे. मिशिगनमध्ये तर आता कुठल्याही हरणाची कलेजी आणि गुर्दे खाऊ नयेत असाच सल्ला आहे, हद्दीच्या आत असो वा बाहेर.

मला हे जड गेलं. कलेजी हा शिकारीच्या रात्रीचा मान. हरीण उघडलं की त्याच रात्री कांद्यावर टाकलेली ताजी कलेजी, रानातल्या केबिनमध्ये, हे आमचं ठरलेलं होतं. जोडीदार अजूनही ती उचलतो आणि माझ्याकडे बघतो. मी हृदय घेतो. पहिल्या वर्षी वाईट वाटलं, आता सवय झाली.

सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा तो मेंदूचा रोग, याची गोष्ट निराळी. त्याचं कारण प्रायॉन, बिघडलेलं प्रथिन. भेजा, कण्यातला मज्जारज्जू, डोळे, पानथरी, टॉन्सिल आणि लसिकाग्रंथी यांत ते सर्वांत जास्त असतं. शिजवून, गोठवून, काही करून ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. म्हणून हाडं करवतीने कापू नका. कण्याच्या बाजूने सुरी चालवून मांस सोडवून घ्या, आणि चरबीत अडकलेल्या राखाडी-तपकिरी गाठी दिसतील त्या काढून टाका. हे केल्याने बाधित हरीण खायच्या लायकीचं होतं असं मात्र नाही, ते प्रायॉन मांसातही सापडलेत. ज्याचा निकाल अजून आलेला नाही त्याच्यासाठी ही खबरदारी.

युरोपातल्या रानडुकरांत आणि रेनडिअरमध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातातलं किरणोत्सर्गी सीझियम मिळतं, ते थेट मांसातच असतं. ते मात्र मिठाच्या पाण्यात बऱ्यापैकी उतरतं, पाणी फेकून द्यायचं. बघा, प्रत्येक विषाची खोड वेगळी. तेव्हा ‘स्वच्छ कसं करायचं’ हा प्रश्न ‘काय आहे’ हे ठरल्यावरच विचारायचा.

आमच्या भागात गुरांचा क्षयही हरणांत आहे, राज्याचा ईशान्य कोपरा त्यासाठी बदनाम आहे. पोट उघडल्यावर फासळ्यांच्या आतल्या बाजूला आणि फुप्फुसांवर पिवळट गाठी दिसल्या, तर हात थांबवा आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला फोन करा.

आता पाकीट

हा माझा आवडता भाग, जरा सविस्तर सांगतो.

हरीण जिथे पडलं तिथेच, आतडी काढायच्याही आधी, फोनवर ती जागा नोंदवतो आणि फोटो काढतो. फोटोत शिकारीच्या परवान्याचा टॅग दिसला पाहिजे. मग खिशातल्या छोट्या वहीत चार ओळी: तारीख, नर की मादी, साधारण वय, जवळचा चौरस्ता. जवळचा चौरस्ता यासाठी, की पुढे हद्द बदलते तेव्हा बातमीत रस्त्यांची नावं येतात, अक्षांश-रेखांश येत नाहीत. दोन्ही लिहून ठेवायला काय जातं.

प्रत्येक हरणाला एक नंबर. माझे साधे आहेत, ‘२३-१’, ‘२३-२’. वर्ष आणि त्या वर्षातलं कितवं. हा नंबर वहीत, आणि हाच नंबर प्रत्येक पाकिटावर. पाकिटावर नंबराशिवाय जागेचं नाव आणि तुकडा कुठला तेही लिहितो. कशावर लिहायचं? आधी व्हॅक्यूमच्या पिशवीवर थेट मार्करने लिहायचो, ते फ्रीझरच्या दवात पुसट होतं. आता फ्रीझरसाठीची टेप लावतो आणि पिशवी भरायच्या आधी लावतो. ओल्या, गार पिशवीवर टेप बसत नाही. पिशवी सील झाल्यावर ‘नंतर लिहू’ असं तुम्ही म्हणणार, आणि नंतर नऊ वाजलेले असणार, पाठ मोडलेली असणार. आधीच लिहा.

एका हरणाचं मांस एका टोपलीत. फ्रीझरमध्ये प्लॅस्टिकच्या उथळ टोपल्या ठेवल्यात, टोपलीवर तोच नंबर. टोपल्या एकमेकींवर रचल्या तरी मांस मिसळत नाही.

खिमा मी आता हंगामाच्या शेवटी करतो, किंवा करतच नाही. मोठे तुकडे तसेच गोठवतो, लागेल तेव्हा एकेक तुकडा काढून घरीच यंत्रातून काढतो. खिमा म्हणजे लॉट मिसळण्याची जागा. दहा पौंडाच्या परातीत दुसऱ्या हरणाचा एक तुकडा पडला की दहाच्या दहा पौंड दोन हरणांचे झाले. बाहेरून कापून घेत असाल तर आधी विचारा, ‘माझं हरीण वेगळं कापणार का, की खिमा सगळ्यांचा एकत्र?’ बरेच जण एकत्र करतात, त्यात त्यांची चूक नाही, शेकडो हरणं असतात. वेगळं करून देणारे जास्त पैसे घेतात. ते द्या. आणि सॉसेज बनवून घेत असाल तर त्यात दुसऱ्याचं मांस जवळपास नक्की असणार असं धरून चाला.

या सगळ्याला पहिल्या वर्षी माझी बायको हसली. हरणाला पासपोर्ट काढतोयस का, म्हणाली. पुढे हद्द तीन मैलांवर आली तेव्हा आमच्याकडे ‘१९-२’ची सहा पाकिटं लाल टेप लावून पडलेली होती. भाच्याच्या रानाच्या दुसऱ्या टोकाची, मोजून पावणेचार मैलांवरची. मी वही उघडली, जागा बघितली, लाल टेप काढली. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी ती हसली नाही.

लाल टेप म्हणजे ‘थांबा’. ज्याचा निकाल यायचाय, किंवा जे हद्दीच्या कडेला आहे, त्याला लाल टेप. फेकायचं नाही आणि खायचंही नाही. सल्ला बदलला की काढायची किंवा कचऱ्यात टाकायचं. नीट सील केलेलं हरणाचं मांस फ्रीझरमध्ये वर्षभर सहज टिकतं, तेवढी सवड पुष्कळ असते.

डोकं देऊन वाट बघणं

सीडब्ल्यूडीसाठी तपासायचं असेल तर हरणाचं डोकं राज्याच्या तपासणीला द्यायचं, मानेचे काही इंच ठेवून. घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात, म्हणून मान अगदी कानाला लागून कापली तर नमुनाच निघत नाही. एकदा मी तसं केलं होतं, फुकट हेलपाटा. पावतीचा नंबर वहीत त्या हरणापुढे लिहून ठेवा, त्या नंबरावर निकाल ऑनलाइन बघता येतो. दोन-तीन आठवडे धरा, गर्दीच्या दिवसांत जास्त.

निकाल ‘आढळला नाही’ असा येतो. ‘हरीण निरोगी’ असा येत नाही. नुकतीच लागण झालेल्या हरणात प्रायॉन अजून त्या ग्रंथींपर्यंत पोचलेले नसतील तर चाचणीत दिसणार नाहीत. तरीही ‘आढळला नाही’ म्हटलं की मी खातो. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर एकही सिद्ध प्रकरण नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असं अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र सांगतं आणि तेवढं ऐकायला मला काही जड जात नाही. आढळला असा निकाल आला तर सगळं मांस पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत, नेहमीच्या लँडफिलला. रानात परत टाकू नका, प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं राहतात. सुऱ्या आधी घासून मांसाचा कण न् कण काढायचा, मग घरगुती ब्लीचचे दोन भाग आणि पाण्याचे तीन, यात पाच मिनिटं बुडवायच्या. हे स्टीलला चालतं. लाकडी पाटाला चालत नाही, प्रायॉन आत मुरतात. मी लाकडी पाट शिकारीच्या कामातून काढूनच टाकला.

इथे एक गैरसमज फार आहे. डोकं दिलं म्हणजे हरीण ‘तपासलं’. नाही. त्या चाचणीत पीफास नाही, शिसं नाही, काही नाही. पीफाससाठी शिकाऱ्याला डोकं नेऊन देता येईल अशी पेटी नसते, खाजगी प्रयोगशाळेत ते काम महागाचं आहे. तिथे तुमच्या हातात फक्त नकाशा आणि वही.

शिसं: हे आपणच आत घालतो

बाकी सगळं बाहेरून येतं, शिसं आपल्या बंदुकीतून. २००८मध्ये नॉर्थ डकोटातल्या एका डॉक्टरने गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं स्कॅन केली, तर निम्म्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण. राज्याने अन्नकोठारांना तो खिमा फेकून द्यायला सांगितलं. शिकारी प्रचंड चिडले. नंतर तिथल्याच सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांमध्ये शिसं थोडं जास्त निघालं. त्याच वर्षी मिनेसोटाने गोळ्या झाडून बघितलं. जखमेपासून अठरा इंचांपर्यंत कण सापडले, आणि पाण्याने धुतल्यावर ते निघून जाण्याऐवजी मांसभर पसरले. तेव्हा जखमेची जागा धुऊ नका, कापून फेका, आणि हात आखडू नका. आमचा जोडीदार जखमेभोवती जेमतेम बोटभर मांस कापायचा.

यात भांडण करण्यासारखं मला काही दिसत नाही, कारण उपाय आपल्या हातात आहे. मी तांब्याच्या गोळ्या घेतल्या. महाग आहेत, पण हंगामात किती झाडतो आपण? बंदूक नव्याने साधावी लागते, त्यासाठी दोन डबे आणि एक रविवार गेला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. वहीत गोळी कुठली तेही लिहितो, कारण थोरलीला दिवस गेले तेव्हा तिने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला होता. जुन्या गोळीची चार पाकिटं उरली होती, ती आम्ही दोघांनी खाल्ली, तिला नवी दिली. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठी सूचना वेगळी लिहिलेली असते, तो परिच्छेद बहुधा खाली असतो. खालपर्यंत वाचा.

आकडा बदलला म्हणजे

पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएससाठी २०१६मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ७० पीपीटी (पीपीटी म्हणजे पीपीबीचा हजारावा भाग) म्हटलं, तेही पीएफओए हे त्याच कुळातलं रसायन धरून दोन्हींचं मिळून. २०२२मध्ये म्हणाले ०.०२. २०२४मध्ये कायद्याची मर्यादा आली ती ४. विहिरीतलं पाणी तेच. केबिनमध्ये या तीन आकड्यांवर एक अख्खी रात्र गेली होती. मला समजलं ते असं: मधला आकडा ‘किती घेतलं तर काहीच होणार नाही’ याचं गणित होतं, यंत्रांना धड मोजताही येत नाही इतका लहान. शेवटचा आकडा ‘मोजता येईल आणि अमलात आणता येईल’ असा. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. आणि हे पाण्याचे आकडे मांसाला लावायचे नाहीत, मांस आपण दिवसाला दोन लिटर पीत नाही.

उलट्या दिशेनेही होतं. चेर्नोबिलनंतर स्वीडनने सीझियमची मर्यादा किलोमागे ३०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ठेवली होती, १९८७मध्ये शिकारीच्या आणि रेनडिअरच्या मांसासाठी ती १५०० केली. नॉर्वेने रेनडिअरसाठी ६०० वरून एकदम ६००० केली होती, १९९४मध्ये ३०००वर आणली. कारण तिथल्या उत्तरेकडच्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचं जगणंच त्या कळपांवर. जे लोक एरवी क्वचित खातात त्यांना १५०० चालतं, जे रोज खातात त्यांना वेगळा सल्ला दिला गेला. ‘आम्ही किती वेळा खातो?’ हा प्रश्न मी तिथून उचलला. मेनमध्ये २०२१च्या नोव्हेंबरात, हंगाम चालू असतानाच, फेअरफील्डच्या आसपास हरणं खाऊ नका असं जाहीर झालं. तिथल्या शेतांवर खत म्हणून सांडपाण्याचा गाळ टाकलेला होता, त्यातून पीफास आलं. आठ हरणं तपासली, त्यांतल्या पाचांत इतकं होतं की वर्षाला दोन-तीन जेवणांपेक्षा जास्त नको. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातून दोनदा हरीण असतं. म्हणजे वर्षाचं माप आम्ही दहा दिवसांत संपवलं असतं.

शिकाऱ्यांचं वागणं तीन-चार प्रकारचं बघितलंय मी. काही जण दुसऱ्या दिवशी शिकारच सोडतात आणि दोन वर्षांनी परत येतात. काही जण ‘माझे आजोबा ब्याण्णव वर्षं जगले’ म्हणतात आणि कलेजी तळतात. काही जण फक्त रान बदलतात, तेही न मोजता. मला राग येतो तो स्वतः न खाता दुसऱ्याला वाटून टाकणाऱ्यांचा. आजोबावाल्यांचा मला राग येत नाही. चाळीस वर्षांत इतक्यांदा ‘खा’ आणि ‘नको’ ऐकलं की कान बंद होतात. त्यांच्याशी वाद घालू नका, टेपचं रीळ हातात द्या.

मी नोटीस वर्षातून दोनदा बघतो. ऑगस्टमध्ये एकदा, लायसन्सच्या आधी, म्हणजे रान बदलायला वेळ असतो. मग १४ नोव्हेंबरच्या रात्री, दुसऱ्या दिवशी बंदुकीचा हंगाम उघडतो म्हणून. थेट राज्याच्या पानावर बघतो. ग्रुपवर फिरणारा नकाशा तीन वर्षं जुना असतो, हे मी दोनदा पकडलंय. बघितल्याची तारीख वहीत लिहितो.

दिलेलं आणि घेतलेलं

ऑफिसात डिसेंबरात कुणीतरी हरणाच्या जर्कीची, म्हणजे सुकवलेल्या मांसाची, पिशवी फिरवतोच. नवीन आलेल्या आपल्या मुलांना नाही म्हणायला संकोच वाटतो. नाही म्हणू नका, ‘कुठलं?’ एवढं विचारा. शिकाऱ्याला हा प्रश्न आवडतो, तो वीस मिनिटं बोलेल. त्यात तुम्हाला हवं ते येईल. नाही आलं तर एक तुकडा खाऊन पिशवी पुढे सरकवा. देताना मीही पाकिटासोबत नंबर, जागा आणि गोळी सांगतो, आणि आपला फोन चालू ठेवतो. हद्द बदलली तर कुणाला किती पाकिटं दिली ते वहीत आहे. ‘२१-१’चं एक शेजारच्या नर्सकडे, दोन कारखान्यातल्या मेकॅनिककडे. लाल टेपवालं मी कुणालाच देत नाही.

गेल्या नाताळात जोडीदार घरी आला. हातात पाकीट, त्यावर चक्क टेप, टेपवर ठळक अक्षरांत लिहिलेलं. इतक्या वर्षांनी एकदाचं. मी चष्मा लावून वाचलं. ‘ऑस्कोडाचं नाही.’

"मग कुठलं?" मी विचारलं.

तो विचार करत उभा राहिला. मग स्वतःच ड्रॉवरमधून लाल टेपचं रीळ काढलं.